घर आणि नगर : बागेचा पैसा कोणीं द्यावा?

दादरच्या एका वाचकभगिनींनीं गेल्या महिन्यांत आम्हांस एक लांब पत्र लिहिलें. त्यांची धाकटी जाऊ अमेरिकेंत लॉस एंजल्सकडे असते. तिकडे प्रत्येक घरामागें बागांसाठीं म्हणून एक निराळा कर द्यावा लागतो, आणि तो बसविण्यापूर्वीं लोकांचीं रीतसर मतें घेतलीं गेलीं, असें जावेनें कळविलें. त्यावरून ह्यांच्या घरीं रात्रीच्या जेवणानंतर दोन तट पडले. मामंजींचें म्हणणें असें कीं, आपण होऊन कर मागून घेणारे लोक एक तर फार श्रीमंत असावेत, नाहीं तर फार भोळे. दिरांचें म्हणणें असें कीं, शिवाजी पार्कची धूळ खात बसण्यापेक्षां चार पैसे अधिक दिलेले बरे. भगिनींनीं निवाडा आमच्यावर सोंपविला आहे. घरगुती वादांत निवाडा देण्याचें धाडस आम्ही सहसा करीत नाहीं. परंतु ह्या प्रश्नाच्या निमित्तानें आपल्या सर्वांच्याच घरीं वर्षानुवर्षें येणारा एक कागद उघडून पाहावा, असें मात्र वाटलें.

तो कागद म्हणजे मालमत्ता-कराचें बिल. घरांतील कर्ता पुरुष त्यावरील शेवटची रक्कम पाहतो, एक सुस्कारा सोडतो आणि मुदतीच्या आंत भरणा करून मोकळा होतो. (आतां हा भरणा पुष्कळदां सून किंवा नातू मोबाइलवरूनच करून टाकतात, त्यामुळें कागद उघडण्याचेंहि कारण उरलें नाहीं.) वस्तुतः ती रक्कम एका कराची नव्हे. तींत साधारण कर आहे, पाण्याचा कर आहे, जललाभ-कर आहे, मलनिःसारणाचे कर आहेत, शिक्षण-उपकर आहे, पथ-कर आहे. आणि ह्या सर्वांच्या गर्दींत एक बारीकशी ओळ वृक्ष-उपकराची आहे. १९७५ सालीं महाराष्ट्रांत नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यान्वयें वृक्ष-प्राधिकरण आलें, वृक्ष-निधि आला आणि तो निधि भरण्यासाठीं हा उपकर आला. म्हणजे हिरवाईसाठीं घरावर कर बसविणें ही कांहीं पाताळांतून आणावयाची कल्पना नव्हे. मामंजी ज्यास भोळेपणा म्हणतात तो आपणहि करीतच आहों. फरक इतकाच कीं, तिकडे लोकांस विचारून कर बसला, आणि येथें तो बसला आहे हेंच पुष्कळांस ठाऊक नाहीं.

आतां तिकडची हकीकत. कॅलिफोर्निया संस्थानांत १९७८ सालीं लोकांच्या मतानेंच एक निर्बंध आला. त्याअन्वयें घरावरील सर्वसाधारण कर किंमतीच्या शेंकडा एक ह्या मर्यादेंत आला. आणि एखाद्या विशिष्ट कामासाठीं स्थानिक कर बसवावयाचा तर दोन-तृतीयांश मतदारांची संमति घ्यावी, असें ठरलें. हेतु कर वाढूं नयेत हा होता. परंतु ह्या आडकाठीचा एक निराळाच परिणाम झाला. ज्या खात्यास पैसा पाहिजे असेल त्यास लोकांच्या दारीं जाऊन, किती पैसा, किती वर्षें, कोणत्या कामासाठीं आणि हिशेब कोण तपासणार, हें सारें अगोदर कागदावर मांडावें लागूं लागलें. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं लॉस एंजल्स परगण्यांत बागा, मैदानें आणि समुद्रकिनारे ह्यांच्यासाठीं असा एक कर मतास टाकण्यांत आला. दर बांधकामाच्या चौरस फुटास वर्षाला दीड सेंट. म्हणजे पंधराशें फुटांच्या घरास वर्षाचे साडेबावीस डॉलर. शेंकडा पंचाहत्तरच्या आसपास मतदारांनीं होकार दिला. मतदानापूर्वीं कोणत्या वस्तींत बागा किती आणि कशा आहेत ह्याची पाहणी करून ती प्रसिद्ध केली होती, आणि ज्या वस्त्यांत उणीव सर्वांत मोठी त्यांच्यासाठीं रकमेचा एक भाग राखून ठेवला होता. सिअ‍ॅटल शहरांत ऑगस्ट २०१४ मध्यें बागांसाठीं स्वतंत्र कर बसवूं शकणारें उद्यान-मंडळ स्थापावें कीं नाहीं, असा प्रश्न मतदारांपुढें आला. तेथेंहि होकार मिळाला, पण थोडक्या बहुमतानें. तात्पर्य, कर म्हटला कीं तिकडचे लोकहि हात आंखडतातच. समोर कामांची यादी ठेवली म्हणजे मात्र पुष्कळांचा हात सैल होतो.

आपल्या मुंबईंत असें मतदान होऊं शकत नाहीं. १८८८ चा महानगरपालिका-अधिनियम अनेक दुरुस्त्यांसह आजहि चालू आहे. कर कोणते बसवावे हें त्यांत सांगितलें आहे. नवाच कर पाहिजे असेल तर विधिमंडळाची पायरी चढावी लागते. मतदारास नगरसेवक निवडतां येतो. एखाद्या करास अथवा खर्चास स्वतः होय किंवा नाहीं म्हणतां येत नाहीं. ह्याच अधिनियमाच्या ६१ व्या कलमांत महानगरपालिकेनें केलींच पाहिजेत अशीं कामें आहेत, आणि ६३ व्या कलमांत करावींशीं वाटल्यास करावींत अशीं कामें आहेत. गटारें आणि रस्ते पहिल्या यादींत, तर सार्वजनिक बागा दुसऱ्या यादींत. इच्छेवर सोडलेल्या कामाचें काय होतें, हें एकत्र कुटुंबांत नांदलेल्या कोणाहि बाईस निराळें सांगावयास नको.

तरीहि मुंबईंत बागा झाल्या, आणि त्या कशा झाल्या हें पाहण्यासारखें आहे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालीं खुली झाली. ती नगरपालिकेनें काढलेली नव्हे. पश्चिम हिंदुस्थानांतील कृषि व उद्यानविद्येस वाहिलेल्या एका संस्थेची ती बाग. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, डॉ. जॉर्ज बर्डवुड अशा त्या काळच्या कर्त्या मंडळींचा तीस आधार होता. डेव्हिड ससून यांनीं घड्याळाचा मनोरा दिला. उत्साह मोठा होता आणि देणारे हात सढळ होते. पुढें १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी संपली, कापसाची तेजी बसली आणि मुंबईचे कित्येक धनिक एका हंगामांत रस्त्यावर आले. १८७३ सालीं ती संस्थाच बंद पडली आणि बाग नगरपालिकेच्या पदरांत आली. तेव्हांपासून ती करदात्यांच्या पैशावर जगत आहे. इतकेंच नव्हे तर १८९० सालीं तीस आणखी १५ एकरांची जोडहि मिळाली. देणगीनें लावलेलें झाड जगविण्यास दर महिन्यास माळ्याचा पगार लागतो, आणि देणगीदार माळ्याच्या पगारासाठीं क्वचितच देणगी देतो. मनोऱ्यावर नांव कोरतां येतें. खतावर कोरतां येत नाहीं.

दादरकरांचें भाग्य निराळें. १८९६ च्या प्लेगानें गिरगांव-मांडवीच्या कोंदट गल्ल्यांत हाहाकार केला आणि १८९८ सालीं शहर-सुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ह्या ट्रस्टनें दादर-माटुंगा-वडाळा भागांत अगोदर रुंद रस्ते आंखले, झाडें लावलीं, मोकळ्या जागा राखल्या आणि मग घरें बांधूं दिलीं. माटुंग्याचीं पांच उद्यानें, ज्यांस सर्वजण फाइव्ह गार्डन्स म्हणतात, तीं ह्याच आंखणींतलीं. १९३३ सालीं हा ट्रस्ट नगरपालिकेंत मिळून गेला. शिवाजी पार्क १९२५ सालीं नगरपालिकेनें माहीम पार्क ह्या नांवानें खुला केला. १९२७ सालीं शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानें नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्यास आजचें नांव मिळालें. सुमारें २८ एकरांचें हें मैदान दिलें कोणीं, असें आज विचारलें तर उत्तर एकच: ज्यांनीं कधीं तेथें पाऊलहि टाकलें नसेल अशा काळबादेवीच्या, भायखळ्याच्या, परळच्या करदात्यांनीं. हें दादरच्या मंडळींनीं विसरतां कामा नये. आम्ही ह्या मुद्द्याकडे पुन्हां येणार आहों.

आतां मामंजींचा खरा आक्षेप. तो असा कीं, महानगरपालिकेजवळ पैसा कमी आहे काय? आक्षेप अगदीं रास्त आहे. २०२५-२६ सालचा मुंबई महानगरपालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटि रुपयांचा होता. देशांतील कित्येक लहान राज्यांस हेवा वाटावा एवढा. १ जुलै २०१७ पासून जकात गेली, तेव्हांपासून मालमत्ता-कराचें महत्त्व वाढलें हें खरें. पण बागेंतलें मोडकें बाक केवळ पैशाअभावीं मोडकें राहिलें आहे, असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. शिवाजी पार्काचेंच पाहा. तेथें पर्जन्यजल मुरविण्याची योजना झाली, तांबडी माती पसरली गेली, पाण्याचे फवारे आले, हिरवळ लावण्याचे प्रयोग झाले. खर्च झाला नाहीं असें कोणीहि म्हणणार नाहीं. तरी वारा सुटला कीं तीच माती समोरच्या घरांतील देव्हाऱ्यापर्यंत येते, आणि दम्याचे रोगी खिडक्या लावून बसतात. कोणतें काम आधीं करावें, माती कोणती असावी, राजकीय सभा आणि मेळे किती दिवस भरावेत, हें सभोंवतीं राहणाऱ्यांस कोणीं कधीं विचारलें? ७ मार्च २०२२ रोजीं महानगरपालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्यें निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं होता. बिलें मात्र ह्या चार वर्षांतहि येतच राहिलीं. करावर बोलावयास निवडलेला माणूस नाहीं आणि कर तर द्यावयाचा, ही स्थिति आपण जितक्या शांतपणें सोसली तितक्या शांतपणें आपले आजेपणजे सोसते ना.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, मतदानानें मंजूर झालेल्या कराचें खरें मोल पैशांत नाहीं. तें त्या यादींत आहे. मत मागावयास येणाऱ्यास वचन लिहून द्यावें लागतें, आणि लिहिलेलें वचन पुढें दाखवितां येतें. दिरांचे चार पैसे जर आजच्याच मोठ्या तिजोरींत पडणार असतील तर मामंजींचें म्हणणें बरोबर. त्यांनीं एक पैसाहि देऊं नये. ते निराळ्या खात्यांत, ठरलेल्या मुदतीपुरते, नांवानिशीं सांगितलेल्या कामांसाठीं पडणार असतील तर दीर बरोबर.

ही रीत आपल्यास परकी आहे काय? मुळींच नव्हे. गांवदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची. तेव्हांपासून सहकारी संस्थांच्या इमारतींत राहणारीं आपलीं हजारों कुटुंबें प्रतिवर्षीं सर्वसाधारण सभेंत बसून दुरुस्ती-निधि किती, रंगकाम यंदा कीं पुढच्या सालीं, गच्चीची गळती आधीं कीं लिफ्ट आधीं, ह्यांवर मनसोक्त भांडतात आणि शेवटीं हात वर करून निकाल लावतात. हा मतदानानें मंजूर झालेला घरावरील करच नव्हे तर काय? गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून गणेशोत्सव होतो; तेव्हांपासून गल्लोगल्लीं वर्गणी जमते. वर्गणीचा हिशेब ज्या मंडळाचा चोख, त्याच्या पेटींत दुसऱ्या सालींहि पैसा पडतो. ज्याचा संशयित, त्याच्या कार्यकर्त्यास दार उघडण्यापूर्वीं आंतून नाहीं म्हटलें जातें. एवढें व्यवहारज्ञान आपल्या आजीबाईंसहि आहे. इमारतीच्या कुंपणाबाहेर पाऊल पडलें कीं तेंच ज्ञान आपण खुंटीला टांगून ठेवतों, हेंच नवल.

मग मत कोणीं द्यावें? येथें सुशिक्षित मंडळींचा एक आवडता युक्तिवाद आहे, त्याचा समाचार घेतलाच पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईंतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांस मालमत्ता-कर माफ झाला आहे. तेव्हां कर देणारे थोडे आणि मत देणारे पुष्कळ, अशी स्थिति झाली. जो देत नाहीं त्यानें दुसऱ्याच्या खिशांत हात घालण्यास मत कां द्यावें, असा हा युक्तिवाद. ऐकावयास तो गोड लागतो. पण त्याचें वय पाहिलें तर तो फार जुना निघेल. १८८८ च्या रचनेंत ७२ सभासदांपैकीं अर्धे म्हणजे ३६ करदाते निवडून देत. करदाता नसलेल्या मुंबईकरास आवाजच नव्हता. १९२२ च्या दुरुस्तीनें दरमहा दहा रुपये भाडें भरणाऱ्यांस मत मिळालें. दहा रुपयांहून कमी भाड्याच्या खोलींत गिरणीकामगार राहत, म्हणजे तेव्हांहि मुंबईचा मोठा भाग दाराबाहेरच राहिला. १९४८ च्या निवडणुकींत प्रौढ मताधिकार आला तेव्हां तें दार उघडलें. तें पुन्हां लोटून घ्यावें असें आमच्या वाचकांपैकीं कोणास मनापासून वाटत असेल, असें आम्ही मानीत नाहीं.

शिवाय बागेची गरज कोणास अधिक आहे, हेंहि पाहावें. हजार फुटांच्या घरास गच्ची आहे, सज्जा आहे, मुलांस स्वतंत्र खोली आहे. दीड खोलीच्या घरांत सात माणसें राहतात तेथें बाग ही चैन नसून घराची तिसरी खोली आहे. दहावीच्या परीक्षेचा अभ्यास तेथें होतो, आजोबांची सायंकाळ तेथें जाते, नव्या सुनेस दोन शब्द मोकळेपणानें बोलावयास तीच जागा. अशा घरास कर माफ आहे म्हणून त्याचें मत काढून घेणें म्हणजे ज्याच्यासाठीं बाग त्यासच वगळून बागेचा विचार करणें होय. करदात्याचें समाधान हिशेबानें करावें; दुसऱ्याचें मत कमी करून नव्हे.

आतां मघांशी राखून ठेवलेला मुद्दा. समजा, उद्यां प्रत्येक विभागानें आपला उद्यान-कर आपल्याच बागांवर खर्चावा असें ठरलें. दादर-माटुंग्याची मंडळी आनंदानें मत देतील, आणि कांहीं वर्षांत तेथील बागा डोळ्यांत भरूं लागतील. लालबाग-परळचें काय? तेथें कर घ्यावयास मोठीं घरें थोडीं; जीं नवीं उभीं राहिलीं त्या गगनचुंबी इमारतींस स्वतःच्याच भिंतींआड बागा आहेत, त्यांना नरे पार्कच्या मैदानाशीं कर्तव्य नाहीं. आणि पैसा जमला तरी तो टाकावयाचा कोठें? जागाच हातची गेली. १९९१ च्या विकास-नियमांतील ५८ व्या नियमान्वयें बंद गिरण्यांच्या जमिनीचा, ढोबळ मानानें, एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठीं महानगरपालिकेस आणि तितकाच घरांसाठीं म्हाडास मिळावयाचा होता. मुंबईंत ५८ गिरण्या आणि त्यांची जमीन सुमारें ६०० एकर. तेव्हां गिरणगांवाच्या वांट्यास शिवाजी पार्कासारखीं अनेक मैदानें आलीं असतीं. २००१ सालीं नियमांत दुरुस्ती झाली आणि हा वांटा सगळ्या जमिनीऐवजीं केवळ बांधकाम नसलेल्या रिकाम्या तुकड्यावर मोजावा असें ठरलें. गिरणीची जमीन बहुतेक शेडांनींच झांकलेली. रिकामा तुकडा तो केवढा असणार! उच्च न्यायालयानें २००५ सालीं ही दुरुस्ती उचलून धरली नाहीं. परंतु मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती वैध ठरविली. एवढ्या जमिनीचें भवितव्य बदललें, त्यावर गिरणगांवांतील एकाहि माणसाचें मत कोणीं घेतलें नाहीं. लॉस एंजल्सच्या लोकांनीं दीड सेंटासाठीं रांगा लावल्या, आणि आमच्याकडे एका वाक्याच्या फेरफारानें बागा गेल्या.

म्हणून उद्यान-कर जर कधीं आलाच तर त्याचा एक भाग विभागांत राहावा आणि दुसरा ज्या विभागांत माणशीं मोकळी जागा सर्वांत कमी आहे तेथें जावा. सबंध मुंबईंत माणशीं मोकळी जागा दीड चौरस मीटरहि भरत नाहीं. केंद्र सरकारच्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूत्रांत ती १० ते १२ चौरस मीटर असावी असें म्हटलें आहे. ह्या तुटवड्यांत दादर त्यांतल्या त्यांत सुखी आहे. एकाचा पैसा दुसऱ्याकडे कसा, असें कोणी म्हणेल. तर दुरुस्ती-उपकराकडे पाहावें. १९६९ च्या कायद्यानें मुंबई बेटावरील जुन्या इमारतींवर हा उपकर बसला आणि १९,००० हून अधिक इमारती त्याखालीं आल्या. गिरगांवच्या इमारतीचा उपकर गिरगांवच्याच जिन्यावर खर्च व्हावा असें त्यांत नाहीं; जेथें तुळई आधीं वांकली तेथें तो जातो. भाडेकरूंनीं हें तत्त्व पन्नासांहून अधिक वर्षें मान्य केलें आहे. ह्याच उपकराची दुसरी शिकवणहि ध्यानांत ठेवावी. रक्कम तुटपुंजी आणि कामें अफाट, त्यामुळें दरवर्षीं पावसाळ्यांत टेंकू लावलेल्या इमारतींतील लोकांची झोंप उडते. कर बसला म्हणजे काम झालें, असें कोणीं समजूं नये.

कर नको म्हणणारे आणखी एक वाट सुचवितात. बागा खाजगी संस्थांस किंवा मोठ्या कंपन्यांस दत्तक द्याव्यात, म्हणजे महानगरपालिकेचाहि खर्च वांचेल. ही वाट चालून पाहिलेली आहे. कांहीं ठिकाणीं रहिवाशांनीं मनापासून कष्ट घेतले. ओव्हल मैदानासाठीं तेथील रहिवासी न्यायालयापर्यंत गेले आणि मैदान वांचलें, ह्याबद्दल त्यांचें कौतुकच आहे. परंतु कांहीं ठिकाणीं दत्तक घेणाऱ्यांनीं बागेच्या जागेवर क्लब उभारले आणि ज्यांच्यासाठीं जागा राखली होती त्यांस फाटकावर अडविलें. जानेवारी २०१६ मध्यें महानगरपालिकेनें असें दत्तक-धोरण पुन्हां मंजूर केलें तेव्हां इतकी ओरड झाली कीं, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं त्यास स्थगिति दिली. दत्तक दिलेलें मूल दुसऱ्या गोत्राचें होतें, हें आपल्या घरांतून तरी समजावून सांगावें लागूं नये.

तेव्हां करावें काय? संविधानाची ७४ वी दुरुस्ती १९९३ पासून अमलांत आहे. तिच्या आधारानें प्रभाग समित्या आल्या. त्याखालीं क्षेत्रसभा, म्हणजे गांवच्या ग्रामसभेसारखी मतदारांची सभा, असावी अशी तरतूद महाराष्ट्रांत २००९ सालीं कायद्यांत झाली. परंतु मुंबईकरास ती सभा अजून पाहावयास मिळालेली नाहीं. ती भरली तर नवा कर न बसवितांहि आजच्याच पैशांतून आपल्या विभागांतील बागांची यादी मतास टाकतां येईल: चर्नी रोडच्या स. का. पाटील उद्यानांत यंदा काय व्हावें, परळच्या कामगार मैदानावर काय, शिवाजी पार्काच्या कट्ट्याला लागून बायकांसाठीं स्वच्छतागृह कोठें असावें. (हा शेवटचा प्रश्न कोणत्याहि समितींत पुरुष आपण होऊन काढीत नाहींत, असा आमचा अनुभव आहे.) नव्या निवडणुकींत आलेल्या नगरसेवकांकडे ह्या सभेची मागणी करावी. कर मागणें न मागणें हें त्यानंतरचें. दोन-तीन वर्षें यादीप्रमाणें कामें झालेलीं दिसलीं, तर मामंजींसारखे करडे लोकहि स्वतःच्या हातानें होय लिहितील, असा आमचा अंदाज आहे.

भगिनींनीं पत्राच्या शेवटीं विचारलें आहे कीं, वृक्ष-उपकराच्या ओळींतला पैसा जातो कोठें, हें एका साध्या गृहिणीस कळूं शकेल काय. कळूं शकेल. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. साध्या कागदावर अर्ज लिहून त्यास दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा आणि तो आपल्या विभाग-कार्यालयांतील जनमाहिती-अधिकाऱ्याकडे द्यावा. तीस दिवसांत उत्तर आलें पाहिजे. शिवाजी पार्क व दादर पश्चिम ह्यांचें कार्यालय जी-उत्तर, माटुंगा व पांच उद्यानांचें एफ-उत्तर, परळ-लालबागचें एफ-दक्षिण. गिरगांवकरांस डी, आणि कांहीं गल्ल्यांस सी. अर्जांत तीनच प्रश्न असावेत. गेल्या तीन वर्षांत वृक्ष-उपकराचे किती रुपये जमले? त्यांपैकीं ह्या विभागांत किती खर्च झाले? आणि विभागांतील प्रत्येक बागेच्या देखभालीवर, बागेच्या नांवासह, किती खर्च झाला? वृक्ष-निधि झाडांसाठीं आहे, बाकांसाठीं व पाळण्यांसाठीं नव्हे. म्हणून तिसरा प्रश्न निराळा विचारावा, नाहीं तर उत्तर देणारा तेवढ्यावरच हात झटकील. ज्या वाचकांस अशीं उत्तरें मिळतील त्यांनीं त्यांच्या प्रती आमच्याकडे पाठवाव्यात. दादर, परळ, लालबाग आणि गिरगांव ह्या चारही भागांतील आंकडे हातीं आले म्हणजे त्यांचा एक तक्ता ह्याच पानावर छापण्याचा आमचा विचार आहे.